रिकामी काडतुसं

देवळ्याकडच्या एका मळ्यातलं चारा कापायचं यंत्र, कडबाकुट्टी, मला अजून जसंच्या तसं दिसतं. त्याच्या पात्यावर कोळ्याने जाळं विणलं होतं.

त्या दिवशी पोलीस ठाण्यात सकाळची हजेरी चालू असताना हॉस्पिटलमधून वर्दी आली. एका बाईच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट गेलं होतं. कारण लिहिलं होतं, कडबाकुट्टी. डॉक्टरांनी मात्र आमच्या जमादारांना सांगितलं, "जखम भाजलेली दिसते." म्हणून मी स्वतः मळ्यावर गेलो आणि ते जाळं पाहिलं.

बाईच्या नवऱ्याकडे पिकांच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक होती. नवी काडतुसं घेताना दुकानदाराला जुनी रिकामी दाखवावी लागतात आणि खरेदीची नोंद परवान्यावर होते. याच्या परवान्यावर कित्येक हंगामांत एकही नोंद नव्हती. शेजारी तर सांगत होते की, मक्यात रानडुकरं शिरली की हा हवेत बार काढतोच.

ठाण्यात त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. ओरडलं की माणूस आणखी गप्प होतो, हा माझा अनुभव. परवाना टेबलावर ठेवून एवढंच विचारलं, "मग बार कशाचे काढता?"



"रिकामी काडतुसंच घरी परत भरतो साहेब. नवी लय महाग झाली. मीच भरतो. तिचा काय संबंध नाय."

मग त्याने कप उचलला आणि अर्धा चहा बशीत सांडला. इतका थरथरणारा हात ते काम करूच शकत नव्हता.

हॉस्पिटलमध्ये बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "त्यांचा हात थरथरतो, म्हणून मीच भरायची. या वेळी भरताना हातातच फुटलं. त्यांना नका धरू साहेब."

मला फार वाईट वाटलं. तरी बंदूक जप्त केली आणि गुन्हा दोघांवर दाखल केला.

नोटीस द्यायला गेलो तेव्हा सवयीने पेन पुढे केलं. बाई म्हणाल्या, "बचत गटाची अध्यक्ष हाय मी. अंगठा कधी लावला नाय, सहीच करते." आणि पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत राहिल्या. जमादारांनी शाईचं पॅड उघडलं. बाईंनी डावा अंगठा पुढे केला. नवरा उठून बाहेर गेला.

घरी काडतूस भरणं परवडतं का, असं ओळखीचे परवानाधारक मला निवृत्तीनंतरही विचारतात. कायदा मी सांगतोच. पण त्याआधी विचारतो, तुमच्या घरात ते भरणार कोण?