संमतीपत्रावरचा नवरा

ती घटना आठवली की आजही माझी छाती थोडी फुगते. खोटं कशाला बोलू?

आणीबाणीचे दिवस होते. मी पिंपरी भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. कागदपत्रांविना सीमेपलीकडून आलेली एक बंगाली बाई चाकणजवळ पकडली गेली. तिचा नवरा दोन दिवसांनी सापडला आणि तुरुंगात गेला. बाईला आमच्या हद्दीतल्या महिलागृहात ठेवलं. परत पाठवण्याचा हुकूम येईपर्यंत तिची जबाबदारी आमच्यावर होती. तिला चौथा महिना लागला होता.

एके सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना महिलागृहात झाडलोट करणारी पिंपळे गुरवची म्हातारी दारात येऊन उभी राहिली.

"सायेब, त्या बंगालनीला उद्या आपरेशनला न्हेत्यात. प्वार बी काढनार आन् पुढचं समदं बंद करनार. तिला कायबी ठावं न्हाई."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मला कोन सांगतंय? कारकून गाडीवाल्याशी बोलत व्हता. मी काय भिंत हाय व्हय?"

नसबंदीचा कोटा तेव्हा प्रत्येक कार्यालयाच्या मानगुटीवर बसला होता. म्हातारीचं बोलणं मला लगेच पटलं. जीप काढली आणि महिलागृह गाठलं.

कारकुनाने संमतीपत्र पुढे केलं. अंगठा होता, साक्षीदारांच्या सह्या होत्या, खाडाखोड कुठेच नव्हती. इतका चोख कागद दिसला की मी तो दोनदा वाचतो. दुसऱ्यांदा वाचताना नवऱ्याच्या नावावर थांबलो.

इथे आमच्याच ठाण्याची लाज सांगावी लागेल. बाईला पकडलं तेव्हा हवालदाराने नवऱ्याचं नाव विचारलं होतं. ती काही नाव घेईना. आपल्याकडच्या बायका तरी कुठे घेत होत्या? हवालदार कंटाळला आणि तिची विचारपूस करायला आलेल्या चाकणच्या एका गॅरेजवाल्या चाचांचं नाव त्या रकान्यात ठोकून मोकळा झाला. चार दिवसांनी चाचा ठाण्यात येऊन कडाडले, "साहब, बेगमने चूल्हा बंद कर दिया है! मेरी उमर तो देखो!" आम्ही पोट धरून हसलो आणि नोंद दुरुस्त केली. पण चुकीची नक्कल तोवर महिलागृहात गेली होती.

मी कारकुनाला खुर्ची दिली.

"हा मजकूर बाईने स्वतः सांगितला?"

"हो साहेब. अगदी राजीखुशीने."

"आणि नवऱ्याचं नाव?"

"तिनेच सांगितलं. मी दोनदा विचारून लिहिलं."

"आमच्यापुढे तर ती तोंड उघडत नव्हती. आणि हे नाव तिच्या नवऱ्याचं नाहीच, चाकणच्या गॅरेजवाल्याचं आहे. आमची चूक तुम्ही जशीच्या तशी उतरवलीत. तिला काहीच विचारलं नाहीत."

कारकुनाचा चेहरा उतरला. "साहेब, दोन केस कमी पडत होत्या. परदेशी बाई, तिच्यासाठी कोण भांडायला येणार?" सुटकेचा अर्ज आहे असं सांगून त्याने तिचा अंगठा घेतला होता.

कागद खोटा ठरवायचा तर आमची चूक लेखी द्यावी लागणार होती. वरिष्ठ फोनवर भडकले. "एका परक्या बाईपायी स्वतःच्या ठाण्याची अब्रू घालवतोस?" मी म्हणालो, "साहेब, ती आपल्या ताब्यात आहे." आणि अहवाल दिला. हवालदार महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. पण डॉक्टरांनी अहवाल वाचून ऑपरेशन रद्द केलं, कारकुनावर गुन्हा दाखल झाला.

त्यानंतर मी म्हातारीला शेजारी बसवून बाईला सगळं समजावलं आणि तिला काय हवंय ते विचारलं. तोवर ते कोणी विचारलंच नव्हतं. ती ठामपणे बोलली. "बच्चा रहेगा. बाद का भी मैं बोलेगी, दूसरा कोई नहीं."

कायद्याने माणसाची मोकळीक काढून घेता येते. त्याची कूस, त्याचं शरीर मात्र सरकारजमा होत नाही, एवढं त्या प्रकरणाने मला शिकवलं. पुढे मी फौजदारांना शिकवायचो तेव्हा हे पहिल्या दिवशी सांगायचो.

परत पाठवण्याचा हुकूम यायला आठ महिने लागले. तो थांबवणं माझ्या हातात नव्हतं. रवानगीच्या दिवशी ठाण्याच्या डायरीतली नोंद मी लेखनिकाला करू दिली नाही, स्वतः लिहिली. ताब्यात घेतली होती एक बाई. रवाना केल्या दोघी: एक बाई, एक मुलगी.