अर्ध्या कोयत्याचं मत

चतुराबाईला भांडखोर म्हणणारी माणसं अंबड तालुक्यात अजूनही सापडतील. म्हणोत बापडी. पण शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात, लोकसभेच्या मतदानादिवशी ती भांडली नसती, तर खडकवस्ती सरकारच्या कागदावरून कायमची पुसली गेली असती, एवढं तरी त्यांनी कबूल करावं.

खडकवस्ती म्हणजे ओढ्यापलीकडची पंचवीसेक घरं. सगळी ऊसतोड करणारी. दसरा झाला की दाराला कुलूप, कुत्री-डुकरं शिरू नयेत म्हणून कुलपापुढे बाभळीच्या काट्यांचा ढीग, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून शेळ्यांपर्यंत सगळं बिऱ्हाड ट्रकात. परत यायचं ते गुढीपाडव्याच्या सुमाराला. त्या वर्षीही असंच परत येऊन चतुराबाई नवऱ्याला, भुजंगला घेऊन शाळेत मतदानाला गेली, तर यादीत तिचं नाव नाही. भुजंगचं नाही. वस्तीतल्या एकाचंही नाही.

"गुर्जी, नीट बघा. मागच्या खेपेला ह्याच खोलीत शिक्का मारून गेल्ते मी."

यादीचं काम बद्रीनाथ गुरुजींकडे होतं. माणूस वाईट नव्हता, पण सरकारी कामाला जुंपलेला. "चतुराबाई, नोव्हेंबरात मी आल्तो वस्तीवर. जिकडं बघावं तिकडं दाराला काटे. माणूस न्हाई, कोंबडं न्हाई. मंग लिहिलं, गाव सोडून गेले."

"गाव सोडून गेलेला माणूस दाराला काटे कशाला लावंल, गुर्जी? परत यायचं असतंय म्हणूनच लावतो ना?"

गुरुजी यादीची पानं पुन्हा उलटू लागले. बाकावर बसलेले माजी सरपंच रामराव मात्र खुशाल हसले. "जाऊ द्या हो. ह्यांच्या मतावाचून दिल्ली अडून राह्यली का?"

चतुराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मतदान संपेपर्यंत ती शाळेच्या पायरीवर बसून राहिली. येणारा-जाणारा आपलं शाई लावलेलं बोट मिरवत होता आणि ही आपलं कोरं बोट पदरात न लपवता गुडघ्यावर ठेवून बसली होती. भुजंग चारदा बोलवायला आला आणि चारदा तसाच परत गेला.

मग उन्हाळाभर तिने तहसीलला खेटे घातले. दर वेळी एकच उत्तर : यादीचं काम हिवाळ्यात निघतं, तेव्हा या. आणि हिवाळ्यात ही नगर जिल्ह्यात, उसाच्या फडात! सरकारने ठरवून केलं नसेल, पण ठरवून केलं असतं तर याहून चोख झालं नसतं.

तिने हार मानली नाही. दसऱ्याला ट्रकात चढताना गुरुजींकडून कोऱ्या अर्जांचा गठ्ठा घेतला. फडावर सातवी शिकलेल्या बेबीनंदाने ते भरले, सगळ्यांनी अंगठे उठवले, आणि डिसेंबरात चतुराबाई एकटी एसटीने अंबडला येऊन कारकुनासमोर उभी राहिली.

"सहा महिने तिकडं राहता ना? मंग तिकडंच लावा की नावं."

"साहेब, तुमी दिवाळीला सासरवाडीला जाता, तवा इथलं तुमचं नाव कापतेत का?"

कचेरीतले सगळे हसले. कारकून हसला नाही, पण त्याने अर्ज घेतले. "पुढच्या बुधवारी आन् गुरुवारी चौकशीला माणूस येईल. जो दारात उभा दिसंल त्याचंच नाव लागंल. बिलकुल सवलत मिळणार न्हाई."

आता खरी पंचाईत. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तो तोडणार, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणार. हजेरी लागते ती कोयत्याची, आणि कोयता ओळखला जातो नवऱ्याच्या नावाने. सगळे कोयते दोन दिवस गावी गेले, तर कारखान्याच्या गाड्या रिकाम्या उभ्या राहणार. मुकादम संपत अंगावर धावून आला. चतुराबाईने तोडगा काढला : बुधवारी बाया जातील, गुरुवारी बाप्ये.

"बाया गेल्यावर मोळ्या कोण बांधंल?" संपत ओरडला.

"बाप्ये बांधतेन. हात हायेत ना त्यांना?"

बुधवारी तेवीस जणी वस्तीवर पोचल्या. दारांपुढचे काटे ओढून काढले, चुली पेटवल्या आणि ज्या त्या आपापल्या दारात उभ्या राहिल्या. चौकशीवाल्यासोबत गुरुजी होते. त्यांनी प्रत्येकीसमोर थांबून खूण केली. दिवस मावळायच्या आत बाया परतीच्या एसटीत बसल्या.

गुरुवारी मात्र पुरुषांपैकी एकही गेला नाही. बाया रात्रीच्या प्रवासाने फडावर पोचल्या तेव्हा सकाळची एसटी निघून गेली होती आणि बाप्ये ऊस तोडत होते; चतुराबाई भुजंगवर तुटून पडली. भुजंग खरोखरच बावचळला. "अगं, तुझं लागलं ना? एका कोयत्याचं एक नाव लागलं, म्हंजी झालंच की! आमी सगळे त्याच हिशेबानं थांबलो." आधी तिने कपाळावर हात मारला. मग तिला हसू फुटलं, ते आवरेना. जन्मभर भुजंगच्या नावाच्या कोयत्यात ती अर्धी म्हणून राबली होती. आता सरकारदरबारी अख्खा कोयता तिच्या नावावर होता.

पुढच्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. दोन पॅनेलमध्ये काट्याची टक्कर होती. रामराव वस्तीवर आले ते नेहमीच्या रिवाजाप्रमाणे, म्हणजे लिंबाखाली बाप्यांची बैठक घालायची, पान-तंबाखू फिरवायची आणि कारभाऱ्यांशी बोलून घरातली सगळी मतं पदरात पाडून उठायचं.

भुजंगने पान घेतलं नाही. "मालक, आमच्यात कोणालाच मत न्हाई. तिकडं बोला."

तिकडे चतुराबाईच्या ओट्यावर तेवीस जणी बसल्या होत्या. रामराव घसा खाकरत ओट्याखाली येऊन उभे राहिले. कुणी उठलं नाही, कुणी पदर पुढे ओढला नाही.

"बायांनो, जरा आमच्याकडं ध्यान असू द्या."

"कोन्या बायांनो?" चतुराबाईने विचारलं. "नावं ठाव हायेत का आमची? खिशात यादी आसंल तुमच्या. काढा. वाचा."

रामरावांनी लिंबाकडे पाहिलं. तिथून कुणीच मदतीला येईना. मग त्यांनी चष्मा लावला, घडी उलगडली आणि त्या गावात जन्मून साठ वर्षांत प्रथमच वस्तीतल्या बाईचं नाव तोंडाने घेतलं.

"मालनबाई."

"हाय!"

"दुर्गाबाई."

"हाय!"

वाचता वाचता त्यांच्या आवाजातली गुर्मी उतरत गेली. चतुराबाईचं नाव आलं तेव्हा ती उभी राहिली. तिने नुसता हात वर केला. तेविसावं नाव झाल्यावर रामरावांनी घाम पुसत विचारलं, "मंग, आता मताचं?"

"आमी हाव, एवढं तुमी वाचलं," चतुराबाई म्हणाली. "आता मत कुणाला, ते आमी पेटीला सांगू."

मतदानाच्या दिवशी शाळेचं दार उघडायच्या आधीच तेवीस जणी रांगेत उभ्या होत्या.