बर्फात ठेवलेलं एमूचं तेल

अन्याय माझ्या मावशीवर झाला आणि तो शिमग्याच्या आदल्या मंगळवारी, सकाळी साडेदहा वाजता, अंधेरीच्या मासळी बाजारात पकडला गेला. असं मी पत्रकात छापलं होतं. आता तेवढ्या खात्रीने सांगता येत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मावशी जन्मभर कोलंबी सोलत आली. बर्फ, मीठ आणि कोलंबीचे काटे यांनी बोटांना चिरा पडतात, इतक्या की लिंबू पिळायचं तर ती शेजारणीला हाक मारते. त्यात भांग रुंद होत चाललेला. फुलांची वेणी माळायची हौस दांडगी, पण ती टिकायला केस हवेत ना! थंडीत बोरिवलीला दर महिन्याला भरणाऱ्या प्रदर्शनातून, एका तेलवालीच्या टेबलावरून, तिने एमूच्या तेलाची बाटली आणली. एमू म्हणजे शहामृगासारखा मोठा पक्षी, हे त्याच्या चरबीचं तेल. बाटलीवर लिहिलं होतं: भेगा भरतात, त्वचा मऊ होते, टकलावर केस उगवतात.

मी ग्राहकांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या एका छोट्या गटात आहे. 'टकलावर केस' वाचूनच माझं डोकं फिरलं.

"मावशी, उल्लू बनवलं तुला."

"गप गो. सांधे दुखले की कोंबडीची चरबी चोळतो ना आपण? हे तर केवढं मोठं पाखरू!"

ती रोज लावत राहिली. बोटांना, मग भांगात.

त्या मंगळवारी गिऱ्हाईक नव्हतं. उन्हाने तेल खराब होईल म्हणून तिने बाटली बर्फाच्या खोक्यात, बांगड्यांशेजारी ठेवली होती. मी काढली तर तळाशी पांढरा थर. हलवली, थर हलेना.

"वाट लागली! यात खोबरेल मिसळलंय!" मी ओरडले.

"तरी मी म्हणत होते," शेजारच्या पाटीवरची बाई म्हणाली. ती आजवर काहीच म्हणाली नव्हती.

दोन दिवसांत पत्रक तयार. 'भेसळ! भेसळ! भेसळ!' तीनदा, कारण एकदा लिहिलेलं कुणी वाचत नाही, हे मी पत्रकं वाटूनच शिकले. प्रदर्शनाच्या दारात मी स्वतः वाटली. त्याच संध्याकाळी आयोजकांनी तेलवालीचं टेबल उचललं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

चार दिवसांनी तेलवाली बाजारात मावशीसमोर येऊन उभी राहिली. माझ्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठी. हे टेबल सोडलं तर तिला दुसरा धंदा नाही. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने सील न फोडलेली बाटली काढली आणि बर्फात खुपसली. आम्ही बघत बसलो. मावशीने तेवढ्यात एका सुरमईच्या तुकड्या केल्या. बाटलीत पांढरा थर धरला. मग तेलवालीने ती बाटली उन्हात धरून ठेवली. तेल पुन्हा नितळ.

"तुमच्या घरचं खोबरेल थंडीत गोठत नाही?"

"गोठतं."

"मग तेही भेसळीचं?"

मी म्हटलं, "पण यात खोबरेल असलं, तरी असंच गोठणार ना?"

"गोठणारच की. मग छापायच्या आधी तपासून का नाही घेतलंत?"

पत्रकात तीनदा लिहिलेला शब्द मला एकदाही सिद्ध करता येत नव्हता. खोटाही ठरवता येत नव्हता. चिडून मी केसांवर आले.

"आणि टकलावर केस? ते कुठून आणलंत?"

तिची मान खाली गेली. "जिथून तेल घेते, त्यांनीच लेबल दिलं. मी न वाचता चिकटवलं. हे चुकलं माझं."

मावशीने मध्येच हात पुढे केला. बोटं खरंच मऊ झाली होती, चिरा मिटल्या होत्या. "हे बघ." मग डोकं वाकवून भांग दाखवला. "आणि हे पण बघ." तिथे तीन महिन्यांत एक केस वाढला नव्हता.

म्हणजे तेल चांगलं की वाईट? त्याच महिन्यांत मावशी रबरी हातमोजेही घालायला लागली होती. बोटं कशाने बरी झाली? मी विचारलं, तर म्हणाली, "मना काय करायचंय? दुखत नाय, बस."

दुसऱ्या दिवशी मी आयोजकांकडे गेले. माझा आरोप बिनपुराव्याचा होता, टेबल परत द्या, म्हटलं. ते म्हणाले, तुमच्या एकटीच्या म्हणण्यावर नाही, लोकांचे फोन आलेत. कुठले लोक? आमचं पत्रक वाचून फोन करणारे. म्हणजे हे वाचणारे तुम्हीच.

तेव्हा आयोजकांना तो फोन पुन्हा फिरवा. सांगा, की भेसळ कुणीही तपासली नव्हती, छापणारीनेही नाही. केस उगवण्याची ओळ लेबलवरून काढायला लावा, ती खोटी आहे असं मी आजही म्हणते. पण तिचं टेबल तिला परत द्यायला सांगा. तेलाची तपासणी कधी होईल, त्यातून काय निघेल, मला माहीत नाही. त्याची वाट बघू नका. आज फोन करा.