पांदणीवरचं शेड

भाजीवाल्या मावशींवर अन्याय झाला तो तीन वर्षांपूर्वी, आमच्या घराच्या वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी. तो कुणी केला हे मला कळलं गेल्या रविवारी, त्यांना मी निषेधाचं पत्रक वाचून दाखवत असताना.

हिंगणघाटला वणा नदीच्या काठी आमची कॉलनी आहे. पूर्वी इथे भाजीची वावरं होती आणि त्यांतून नदीवर उतरणारी पांदण, म्हणजे शेतांमधली वाट. मावशींचं वावर अजून शेजारीच आहे. नदीवर धुतल्याशिवाय त्या भाजी टोपल्यात भरत नाहीत, आणि पांदण बंद झाल्यापासून डोक्यावर ओझं घेऊन सगळ्या कॉलनीला वळसा घालतात. मी त्यांचं नाव कधी विचारलं नाही. पत्रकात ‘शोषित घटक’ लिहून भागवलं.

मी तावातावानं वाचत होतो, त्या केळीच्या सोपटानं पालकाच्या जुड्या बांधत होत्या. वावरांचे प्लॉट पाडून पांदण गिळल्याबद्दल लेआउटवाल्याचा निषेध आला तेव्हा त्यांनी दातानं सोपट तोडलं.

“बापू, त्यानं पांदण सोडली होती. तुह्या बाबानं गाडी ठेवाले शेड टाकलं तिच्यावर. मंग बाकीच्यायनं टाकले.”

त्याच शेडमध्ये माझ्या पत्रकांचे गठ्ठे रचलेले आहेत.

“मंग मावशी, आधी काऊन नाई सांगतलं?”

“तू बोलून राह्यला होता ना.”

आमचं शेड मी परवा उतरवलं. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. पुढे अजून सहा शेडं आहेत, आणि तेवढी निघाल्याशिवाय मावशी नदीवर पोचत नाहीत. त्यातलं एक तुमचं असेल, तर हे वाचून मान डोलावू नका. गाडी बाहेर काढा आणि नट सोडायला लागा.