अक्कांनी फोनवर विचारलेला प्रश्न

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी मी नोकरीसाठी पुण्याहून बंगलोरला आले. कॉम्प्युटरची कंपनी होती, काम इंग्रजीत आणि गप्पा हिंदीत, त्यामुळे कन्नड शिकायची निकड कधी वाटली नाही. राहायची खोली मात्र वडिलांनी मराठी माणसांकडेच हवी असा हट्ट धरला, आणि ओळखीतून ओळख काढत मी चामराजपेटेतल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर येऊन पडले.

घरमालक नवरा-बायको साठीच्या पुढचे. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन स्थायिक झालेलं. सगळी गल्ली त्यांना अण्णा आणि अक्का म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणू लागले. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलं होतं की पहिले काही आठवडे मी सारखी ‘काय?’ ‘काय?’ करत असे. “स्वल्प भात घे की,” अक्का म्हणायच्या. अण्णांचं कुठलंही बोलणं “सरी” म्हणूनच, म्हणजे ‘ठीक आहे’ म्हणून, संपायचं. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते आणि त्यांना राजकारणाचं फार वेड होतं. तीन भाषांतली वर्तमानपत्रं वाचायचे. मतदानाच्या आदल्या दिवशी घरातल्या सगळ्यांना कुणाला मत द्यायचं ते सांगायचे, आणि सगळे तसं देतात अशी त्यांची समजूत होती.

त्या वर्षी महापालिकेची निवडणूक आली आणि आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. गल्लीत राहणारा एक कार्यकर्ता बरीच वर्षं तिकिटाची वाट बघत होता. कुणाचा नळ बंद पडो, कुणाचं रेशनकार्ड अडो, तो धावून जायचा. आता त्याला उभं राहता येईना, म्हणून त्याच्या बायकोला उभं केलं. ती घरी शिवणाचा क्लास चालवायची. माझे दोन ब्लाऊज तिनेच शिवले होते. माप घेतानासुद्धा ती नुसतं बोटाने ‘वळा’ म्हणून खूण करायची, इतकी अबोल. तिच्यासमोर उभी होती एक निवृत्त मुख्याध्यापिका. अर्धा वॉर्ड तिच्या हाताखालून शिकून गेलेला.

आमच्या भागात केबल देणाऱ्या माणसाच्या डोक्यात आलं की दोघींना समोरासमोर बसवावं. त्याच्याकडे एक व्हिडिओ कॅमेरा होता, लग्नांच्या शूटिंगचा. आपल्या घराखालच्या गॅरेजमध्ये त्याने निळा पडदा लावला, तीन खुर्च्या मांडल्या, आणि रविवारी संध्याकाळी लोकांनी फोन करून प्रश्न विचारावेत असं दोन दिवस टीव्हीच्या पडद्याच्या तळाशी लिहून दाखवलं.

त्या रविवारी अण्णांचा हॉल भरला. ज्यांच्याकडे केबल नव्हती ते आले, ज्यांच्याकडे होती तेही आले. एकट्याने बघण्यात मजा नाही, असं शेजारीण म्हणाली. अक्कांनी कॉफी केली. मी अण्णांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसले, कारण ते मला सगळं मराठीत सांगणार होते.

पहिली पाच-दहा मिनिटं कुणी काही ऐकलंच नाही. आपल्या गल्लीतली माणसं टीव्हीत दिसतात याचंच सगळ्यांना हसू येत होतं. कुणी म्हणालं, मुख्याध्यापिका बाईंनी पावडर जास्त लावलीय. कुणी म्हणालं, तो निळा पडदा माझ्या भावाच्या मुंजीत होता. मग केबलवाल्याने पहिला प्रश्न विचारला आणि हॉल शांत झाला.

मुख्याध्यापिका बाई बोलू लागल्या. स्पष्ट आवाज, एकेक शब्द फळ्यावर लिहावा तसा. पुष्कळ वेळ बोलल्या.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“शाळा, शाळा,” अण्णा म्हणाले.

शिवणवाल्या बाईंची पाळी आली. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात पडद्याच्या कडेने त्यांचा नवरा आत वाकला. तिसरी खुर्ची केबलवाल्याची होती, म्हणून हा मागे उभा होता. बायकोच्या खांद्यावरून माईककडे झुकून तोच उत्तर देऊ लागला. अण्णांनी त्याचं वाक्यन् वाक्य मला मराठीत सांगितलं, गटाराचं, दिव्यांचं, पार्काच्या कुंपणाचं. एके ठिकाणी तर तो थांबला तरी अण्णा थांबले नाहीत.

“हे त्याने कुठे म्हटलं?” अक्का स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. “हे तुम्ही म्हणताय. आणि बाईंनी नुसतं शाळा म्हटलं नाही. शाळेत मुलींना संडास नाही, ते आधी बांधेन म्हणाल्या. ते का नाही सांगितलं पोरीला?”

लोक हसले. अण्णा म्हणाले, “बरं, तूच सांग मग.” पण अक्कांचं लक्ष तिकडे नव्हतं. त्या टीव्हीकडे बघत होत्या.

असं तीन-चार वेळा झालं. प्रश्न बायकोला आणि उत्तर नवऱ्याचं. पहिल्यांदा लोक हसले, दुसऱ्यांदाही हसले. मग बायकांचं हसणं थांबलं. शिवणवाल्या बाई दर वेळी श्वास घेऊन तयार व्हायच्या, ओठ हलायचे, आणि खांद्यावरून नवऱ्याचं डोकं पुढे आलं की मिटायचे. मला भाषा कळत नव्हती, म्हणूनच बहुधा ते इतकं नीट दिसलं. शेजारीण पुटपुटली, “नीवे हेळि.” याचा अर्थ मला पुढे कळला: तुम्हीच सांगा.

अण्णा म्हणाले, “त्याला माहिती आहे म्हणून तो सांगतो. शेवटी काम तर तोच करणार.”

अक्का कपबश्या उचलून आत गेल्या. त्या रागावल्या असं मला वाटलं. जरा वेळाने टीव्हीतल्या केबलवाल्याने समोरचा फोन उचलला, “हॅलो” म्हणाला, आणि टीव्हीतून एक बारीक शिटी सुरू झाली. ती वाढत वाढत इतकी कर्कश झाली की आम्ही कानांवर हात ठेवले. केबलवाला ओरडत होता, “टीव्ही साउंड कम्मी माडि! कम्मी माडि!” फोन करणाऱ्याने घरातला टीव्ही बारीक करावा, असं तो सांगत होता. सगळे एकमेकांकडे बघू लागले, कुणाच्या घरातला टीव्ही? तेवढ्यात आतल्या खोलीतून अक्कांचा आवाज आला, “अहो, बंद करा ना तो आवाज!”

अण्णांनी उठून बटण पार खाली फिरवलं. शिटी थांबली. टीव्ही मुका झाला.

आता अक्का आतल्या खोलीत फोनवर बोलत होत्या ते आम्हाला दारातून ऐकू येत होतं. छोटंसं वाक्य होतं. “काय विचारलं?” मी अण्णांना खुणेने विचारलं. ते टीव्हीकडे बघत हळूच म्हणाले, “तिला विचारते की, ही निवडणूक लढवायची तुमची स्वतःची इच्छा होती का?”

टीव्हीवर आवाज नव्हता, नुसतं चित्र. नवरा पुढे वाकला. शिवणवाल्या बाईंनी मान न वळवता हात वर केला आणि त्याला मागे सारलं. जोरात नाही, मापाची पट्टी बाजूला सारावी तसं. मग माईक जवळ ओढला आणि बोलल्या. आधी खाली बघून, मग समोर बघून. मुख्याध्यापिका बाई वळून त्यांच्याकडे बघत होत्या. आमच्या हॉलमध्ये एक जण आवाज वाढवायला उठला तर शेजारणीने त्याचा शर्ट धरला. पुन्हा शिटी वाजली असती. म्हणजे गल्लीतल्या सगळ्या घरांत ते उत्तर ऐकू जात होतं, फक्त ज्या घरातून प्रश्न गेला तिथे ते एकट्या अक्कांच्या कानात पडत होतं.

अक्का बाहेर आल्या. दहा जणांनी एकदम विचारलं, काय म्हणाली?

“मोदलु बेडा अनिसित्तु. ईग बेकु,” अक्कांनी तिच्याच शब्दांत थोडक्यात सांगितलं, आणि माझ्याकडे बघून सगळं मराठीत म्हणाल्या, “आधी नको वाटत होतं म्हणाली. नवऱ्याने सांगितलं म्हणून उभी राहिले. पण या दिवसांत घरोघर हिंडले, बायकांनी मला आत बोलावून काय काय सांगितलं. आता मला हवंय.”

“संपलं!” अण्णा कपाळाला हात लावून म्हणाले. “टीव्हीवर असं कुणी सांगतं का? हरली ती.”

“हरू दे,” शेजारीण म्हणाली. “बोलली तर खरी.” आता अक्काच मला मराठीत सांगत होत्या.

“पण एवढं बोलायला फोन लागला ना? तिथे महापालिकेत कोण फोन करणार?” दुसरी म्हणाली. त्यावरून जी वादावादी सुरू झाली ती टीव्हीवरच्या वादापेक्षा रंगली. आवाज पुन्हा वाढवायचं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कार्यकर्ता घरी आला. मी ऑफिसला निघाले होते आणि चपला घालता घालता थांबले. तो अण्णांशी बोलत होता, पण रोख अक्कांकडे होता. अण्णांनी नंतर सगळं बोलणं सांगितलं त्यावरून, त्याचं म्हणणं असं: तुमच्या घरासाठी मी इतकं केलं, आणि तुमच्याच घरातून असा प्रश्न? अक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. “मी तुला विचारलंच नव्हतं,” एवढंच त्या म्हणाल्या. “तिला विचारलं. तिने सांगितलं. कॉफी घेणार?” त्याने घेतली नाही.

दोन दिवसांनी त्याची बायको आली, एकटी, प्रचाराची पत्रकं घेऊन. तिने कॉफी घेतली. आमच्या अंगणात बसून ती अक्कांशी बराच वेळ बोलली, आणि जाताना माझ्या हातातही एक पत्रक दिलं. माझं मत इथे नाही, असं मी तिला हिंदीत सांगितलं. ती हसून मोडक्या हिंदीत म्हणाली, “मत नाही तर नाही. नळ तर आहे ना?”

मतदानाला अण्णा आणि अक्का बरोबर गेले. आदल्या दिवशी अण्णांनी नेहमीप्रमाणे सांगितलं होतं, आणि अक्का नेहमीप्रमाणे “सरी” म्हणाल्या होत्या. परतल्यावर अण्णांनी विचारलं, “दिलंस ना?”

“दिलं.”

“कुणाला?”

“तुम्ही कुणाला दिलं ते मी कधी विचारलं?”

अण्णा त्या दिवशी जेवताना नुसता भात चिवडत बसले. मला वाटतं, आजवर आपण सांगितलेल्या सगळ्या निवडणुका त्यांच्या डोळ्यांसमोरून गेल्या असाव्यात.

निवडून मुख्याध्यापिका बाई आल्या. शिवणवाल्या बाई हरल्या, पण अण्णांनी भाकीत केलं होतं तितक्या वाईट रीतीने नाही. निकालानंतर स्वयंपाकघरात आम्ही दोघीच असताना मी अक्कांना म्हटलं, “तुमचं मत वाया गेलं, नाही?”

“कुठे वाया?” त्या म्हणाल्या. “मी मुख्याध्यापिका बाईंनाच दिलं.”

मी त्यांच्याकडे वळले. “मग तो प्रश्न?”

“प्रश्न तिच्यासाठी होता गं. मत वॉर्डासाठी. बाईंना काम येतं. हिला अजून शिकायचंय.” त्यांनी मला कोथिंबीर निवडायला दिली. “पण तिला तिथे बसवून ठेवलं होतं, ते मला बघवेना.”

त्या वयात मला हे विसंगत वाटलं. एखाद्याची बाजू घेतली की मतही त्यालाच, असं मी धरून चालले होते. टीव्हीवर आता मोठमोठे वाद होतात, पाच-सहा जण एकाच वेळी ओरडतात, आणि माझ्या घरातली माणसं सुरुवातीलाच ठरवून बसलेली असतात की कुणाचं ऐकायचं. मीही तशीच बसलेली असते. अक्कांनी दोघींचंही शेवटपर्यंत ऐकलं होतं, मध्ये उठून एकीला बोलायला जागा करून दिली होती, आणि मग मत दुसरीला दिलं होतं.

पुढच्या वर्षी मी राजाजीनगरला राहायला गेले. तोवर शिवणाचा क्लास आठवड्यातून दोन दिवस बंद असायचा. त्या दिवशी शिवणवाल्या बाई नगरसेविकेबरोबर वॉर्डात फिरायच्या. मुख्याध्यापिका बाईंनीच त्यांना बोलावून घेतलं होतं. त्यांचा नवरा मागून स्कूटरवर यायचा. शेवटचा ब्लाऊज मी त्यांच्याकडे टाकला तो मला वेळेवर मिळाला नाही. गटाराच्या कामावर उभं राहावं लागलं, असं त्यांनी मला कन्नडमधून सांगितलं, आणि ते मला कुणी न सांगता कळलं.