अकाउंट उघडण्याआधीची वर्षं

बायकोच्या कॉलेजातल्या मित्रावर पाळत ठेवता ठेवता मी शेवटी त्यालाच मेसेज करून मदत मागितली.

झालं असं, की बायकोनं आमच्या प्रताप नगरच्या गच्चीवरचा फोटो टाकला. हातात सूप, सुपात पापड. त्याखाली कळमेश्वरच्या या गृहस्थानं लिहिलं, "अजून तशीच हसते तू!"

तशीच म्हणजे कशी? सोळा वर्षं संसार केला, पण मला त्या फोटोत पापडच दिसले होते.

मी त्याच्या प्रोफाइलवर बायकोचं माहेरचं नाव टाकून शोधलं. काही नाही. मग बोटानं मागे मागे सरकत गेलो. पोरीचं बारसं, लग्नातला फेटा, पहिली मोटरसायकल, आणि खाली एकदम भिंत. त्यानं अकाउंट उघडलं तो दिवस. यांचं कॉलेज तर त्याच्याही आठ वर्षं आधी संपलेलं. जेव्हा ती 'तशी' हसायची, तिथवर कुठलाच शोध पोचत नव्हता. चार दिवस मला वरण-भात गोड लागला नाही.

म्हणून मेसेज. तोही किती साळसूद! "तुमचे जुने फोटो दिसत नाहीत, जरा सेटिंग पाहा."

लगेच उत्तर आलं, "भाऊजी, त्याच्या आधीचं सारं कागदावर आहे. रविवारी घेऊनच येतो."

आणि आलाच की हो! बगलेत अल्बम, हातात संत्रा बर्फी. बायको चकित.

"भाऊजींनीच विचारलं ना," तो म्हणाला, "मागचं काही दिसून नाही राहिलं म्हणे."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी बर्फीकडे.

मग ती दोघं सोफ्यावर अल्बम उघडून बसली आणि चहा मी टाकला. फोटो साधेच होते. गॅदरिंग, सहल, दहा-बारा जणांचा घोळका. पण प्रत्येकात ती मान मागे टाकून, सगळे दात दाखवत हसतेय. त्याच्याकडे बघून हसली असती तरी चाललं असतं, माणसाशी निदान भांडता येतं. ती आपली उगाचच हसत होती, आणि मी जळत होतो.

पाहुणा गेल्यावर मी हळूच विचारलं, "काहून एवढी हसत होती वं तू तेव्हा?"

बशा उचलत ती म्हणाली, "तेव्हा घरात ठाणेदार नव्हता जी, म्हणून."