पंच्याऐंशीची लेन्स

माझा पहिला कॅमेरा मला लेन्सशिवाय मिळाला. इस्राएलमधल्या येरुहाम गावात आमच्या शेजारी राहणारं कुटुंब या वाळवंटाला कंटाळून मुंबईला परत निघालं, तेव्हा त्यांच्याकडून मी तो अर्ध्या किमतीत घेतला. लेन्स त्यांनी आधीच दुसऱ्या कुणाला विकली होती. "लेन्स काय, बेरशेव्याच्या बाजारात मिळेल गं," असं म्हणून ते गेलेसुद्धा. मला फोटोतलं ओ की ठो कळत नव्हतं. मी वीस वर्षांची, गावच्या दवाखान्यात पट्ट्या बांधणारी, आणि हट्टी म्हणाल तर एक नंबरची.

कॅमेरा हवा होता तो एका फोटोसाठी. ठाण्याहून पप्पांना आजीचं पत्र आलं होतं, "इतकी वर्षं नुसती खुशाली लिहितोस, आता फोटो पाठव." आजी म्हणजे पप्पांची आई, त्यांची 'बय'. इस्राएलला निघताना तिने पप्पांना उंबऱ्यात अडवलं होतं. "तिकडे कोण बसलंय तुझ्यासाठी ताट वाढून?" तरी मुंबईच्या कचेरीतली खुर्ची सोडून पप्पा निघाले. त्यामुळे इथून जी पत्रं गेली, त्यांत पप्पा कचेरीतच होते. घर दोन खोल्यांचं होतं आणि दारात बाग होती. खरं बघाल तर पप्पा रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते, आम्ही पाच माणसं फळ्या ठोकलेल्या एका खोलीत राहत होतो, आणि बाग कसली, दारापासून नजर पोचेल तिथवर वाळू. उपाशी राहिले असते पप्पा, पण स्वतःच्या आईपुढे हार मानणं त्यांना जमलं नसतं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ते मला म्हणाले. "फोटो असा काढ, की आम्ही दिसू. बाकी काही दिसायला नको."

बेरशेव्याचा दुकानदार जर्मनीतून आलेला म्हातारा होता, त्या उन्हातही टाय लावलेला. नवशिक्याने पन्नास मिलिमीटरची लेन्स घ्यावी, सगळे तीच घेतात, असं त्याने सांगितलं. पण त्याच्याकडे उरलेली पन्नासची इतकी भारी होती, की किंमत ऐकून मी ती हळूच त्याच्या हातात परत दिली. माझ्या ऐपतीत बसणाऱ्या दोनच होत्या, दोन्ही वापरलेल्या. एक पस्तीसची, एक पंच्याऐंशीची. त्याने आधी पस्तीसची बसवली आणि मला दुकानाच्या दारात उभं केलं. अहो, सगळा रस्ता आत आला! बस, गाढवाची गाडी, बर्फासाठी लागलेली रांग, वर आभाळ. मग पंच्याऐंशीची. समोर एक बाई टोमॅटो निवडत होती, तिचा तेवढा चेहरा दिसला, हनुवटीवरच्या तिळासकट. तिच्यामागची दुकानं आणि धूळ नुसती पुसून गेली होती. मी मनात म्हटलं, हीच!

"घरातली माणसं काढणार?" त्याने विचारलं.

"हो."

"खोली केवढी?"

मी हातानेच दाखवली. तो हसला. "मग पस्तीसची घे. पंच्याऐंशीला मागे सरकावं लागतं. एवढ्याशा खोलीत तू सरकून सरकून भिंतीतून बाहेर पडशील."

माझं डोकंच फिरलं. मेल्या, माझी खोली केवढी ते मला ठाऊक नाही का? हे मराठीत, मनातल्या मनात. हिब्रूत मी एवढंच म्हटलं, "हीच द्या." त्याने खांदे उडवले आणि लेन्स कागदात गुंडाळली.

त्याचं काही चुकलं नव्हतं, हे मला आज कळतं. पुढे मी पुष्कळ फोटो काढले, माझ्याकडून शिकलेल्या मुलींनाही लेन्स निवडून दिल्या. हिच्यातून काय दिसेल, असंच सगळ्या विचारतात. काय दिसणार नाही ते बघून लेन्स घेणारी मी एकटीच असेन.

फोटो काढले शुक्रवारी दुपारी, शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विसावा, लागायच्या आत. पप्पांनी गुळगुळीत दाढी केली, मुंबईचा कोट घातला. मी त्यांना खोलीपासून लांब नेलं, वाळूकडे पाठ करून उभं केलं. फक्त चेहरा आणि खांदे घेतले. फोटो धुऊन आला तेव्हा मागची वाळू एखाद्या स्टुडिओतल्या पडद्यासारखी पांढरीस्वच्छ दिसत होती. आई म्हणाली, "नवरदेव दिसताय की!" पप्पा खूश. "साहेब वाटतो की नाही?" असं त्यांनी दोनदा विचारलं आणि स्वतः जाऊन पाकीट टाकून आले. मीही स्वतःवर खूश होते. जिंकलो, असंच वाटलं मला.

महिन्याभराने उत्तर आलं. अक्षर आत्याचं, सांगणारी आजी. पप्पा कामावरून येऊन हातपाय धूत होते, म्हणून मी मोठ्याने वाचायला घेतलं.

"फोटो पोचला. कोट ओळखला. मीच शिंप्यापाशी उभी राहून शिवून घेतला होता, खांद्यात घट्ट झाला म्हणून त्याच्याशी भांडलेही होते. आता तोच खांद्यावरून ओघळतोय. गळ्यापाशी माझी चार बोटं जातील. गालाची हाडं वर आलीत आणि तोंड करपलंय. कचेरीत एवढं ऊन कुठून येतं रे बाळा? इथे सगळ्यांना फोटो दाखवला. सगळे म्हणाले, साहेब झाला. मी काही बोलले नाही. तू तिथे काय करतोस ते विचारत नाही, परत ये असंही म्हणत नाही. तुझ्या अंगावर मूठभर मांस चढू दे म्हणून एलियाहू हन्नाबीला मालिद्याचा नवस बोलले आहे. तेवढं कळव, पोटभर जेवतोस का?"

लाज वाटली मला, खरंच सांगते. पस्तीसची घेतली असती तर त्या सगळ्या वाळूत पप्पांचं तोंड तांदळाच्या दाण्याएवढं आलं असतं, म्हातारीला काही कळलं नसतं. आणि मी शहाणीने आईच्या हातात लेकाचा चेहरा नेऊन ठेवला होता!

पप्पा रडले. लपूनछपून नाही, आम्हा सगळ्यांसमोर, चांगले हुंदके देऊन. आईने पंचा पुढे केला तो त्यांनी घेतलाच नाही. मग ओल्या हातांनीच त्यांनी माझ्याकडे कागद मागितला.

एरवी त्यांची पत्रं "इथे सर्व खुशाल" अशी सुरू व्हायची. त्या दिवशी माझ्या शेजारी बसून, कारकुनाच्या त्या सुबक अक्षरात त्यांनी लिहिलं, "बय, मी इथे रस्त्यावर खडी फोडतो. पोट रोज भरत नाही. तुझं ऐकलं नाही, चुकलो."